अडतिसावं कलम

थोरल्या भावानं घरातल्या सगळ्यांना काटाघराच्या माळ्यावर बोलावलं, तेव्हाच ताई समजून गेली की आज गोडीगुलाबीचं काम नाही. घरच्या गोष्टी स्वयंपाकघरात व्हायच्या. माळ्यावर फक्त काट्याच्या गोष्टी व्हायच्या. याआधीची बैठक वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी झाली होती, आणि त्या बैठकीत ताईला कोणी काही विचारलं नव्हतं.

बाजार बंदचा दिवस होता. खाली मोठ्या काट्याची दांडी साखळीनं बांधलेली, दोन्ही पारडी जमिनीला टेकलेली, वजनं मोठ्यापासून लहानापर्यंत भिंतीशी रांगेत. ताईनं जाता जाता एक वजन बोटानं सरळ केलं आणि ती लाकडी जिना चढली.

"ये, बस," थोरला म्हणाला आणि त्यानं एक खुर्ची तिच्यासाठी पुढे सरकवली. ती नेमकी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. ताईनं काही न बोलता खुर्ची फिरवली आणि बसली. कोणी हसलं नाही. थोरल्याचे डोळे अधू झाल्याला नऊ वर्षं झाली होती, आणि या घरात त्यावर न बोलणं हीच बोलण्याची रीत होती.

थोरला बाजाराचा मापाडी होता. वडील मापाडी होते, आजोबा मापाडी होते, त्यांचेही वडील. बाजारात येणारा प्रत्येक नग या काट्यावर चढल्याशिवाय विकला जात नसे, आणि जुन्या राजवटीनं दिलेल्या सनदेप्रमाणे हा काटा बापाकडून थोरल्या मुलाकडे जायचा, बाप साठीचा झाला की. ताई तिघा भावंडांत सगळ्यात मोठी. पण सनदेत मुलगा लिहिलं होतं, मूल लिहिलं नव्हतं. थोरल्याला साठावं पुढच्या वर्षी लागणार होतं आणि काटा त्याच्या मुलाकडे जाणार होता. तो मुलगा, ताईचा पुतण्या, आता दाराला टेकून उभा होता. पावत्या लिहायची पेन्सिल सुट्टीच्या दिवशीही त्याच्या कानामागे होती.

"मला दोनला गाडी काढायची आहे," धाकटा भाऊ म्हणाला. तो बसचा ड्रायव्हर. गणवेश घालूनच आला होता. "भांडायचं असेल तर जरा चौथ्या गिअरमध्ये भांडा."

"भांडायला कोणी बोलावलं नाही," थोरला म्हणाला. "ताई, सभा किती वाजता?"

"चारला."

"आणि मत कुठे टाकणार?"

"कलमाच्या बाजूनं."

थोरल्याच्या बायकोच्या, भावजयीच्या, हातातल्या विणकामाच्या सुया क्षणभर थांबल्या आणि पुन्हा चालू झाल्या.

नव्या संविधानाची बाकी सगळी कलमं गेल्या दोन महिन्यांत एकेक करून मंजूर झाली होती. अडलं होतं ते अडतिसावं. 'कोणतंही सार्वजनिक पद कोणालाही जन्मामुळे मिळणार नाही आणि जन्मामुळे नाकारलं जाणार नाही.' एवढंच वाक्य, पण देशभरातले पिढीजात नावांचे घाटवाले, वेशींचे दरवाजेवाले, निवाडे करणारे, मनोऱ्याची घड्याळं राखणारे या एका वाक्यापाशी हटून बसले होते. परवा कच्ची मोजणी झाली, त्यात दोन्ही बाजू बरोबरीत आल्या. आज चारला पक्की मोजणी होती, आणि लगेच सगळं संविधान एकत्र मताला येणार होतं. बाजारपेठेतून निवडून आलेल्या दोन सभासदांपैकी एक ताई होती. हमालांनी, भाजीवाल्या बायकांनी आणि गाडीवानांनी तिला उभं केलं आणि निवडूनही आणलं. थोरल्यानं त्या वेळी स्वतः तिच्यासाठी पत्रकं वाटली होती. तेव्हा अडतिसावं कलम कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

"विरोधात मत दे असं मी म्हणत नाही," थोरला म्हणाला. "नुसती गप्प बस. तुला पुकारतील तेव्हा म्हण, माझं मत नाही. कोणाला खुपणार नाही."

"मला खुपेल ना."

"आत्या," पुतण्या म्हणाला, "मी वाईट मापतो का?"

हा प्रश्न तो विचारणार हे ताईला ठाऊक होतं, आणि त्याचं उत्तर सोपं नव्हतं. काट्यावरचं सगळं काम त्याला तिनंच शिकवलं होतं. पारडं डुलत असताना काटा वाचायचा नाही, तिसरा हेलकावा संपेपर्यंत श्वाससुद्धा जपून घ्यायचा, लोकरीचा गठ्ठा सकाळी ओलाव्यानं जड भरतो म्हणून दोनदा घ्यायचा. सगळं.

"नाही रे. चांगला मापतोस."

"मग माझ्याकडून का काढून घेतेस?"

"काढून कुठे घेते? परीक्षा होईल, अर्ज मागवतील. तू अर्ज कर. मिळेल तुला."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर तुझ्याहून चांगला कोणीतरी असेल."

"वा!" थोरला म्हणाला. "ऐका. स्वतःच्या पुतण्याला सांगतेय."

"ताईचं काय चुकलं?" धाकटा मधेच बोलला. "दादा, खरं सांगू? त्या सनदेतून मला काय मिळालं? तुला काटा मिळाला, मला स्टेअरिंग. मी दुसरा जन्मलो यात माझा काय गुन्हा होता? मी कलमाच्या बाजूचा. लिहून घ्या."

थोरल्यानं मान त्याच्या आवाजाच्या दिशेनं वळवली. "तुझ्या मुलाला मी काट्यावर मदतनीस म्हणून घेणार होतो. पुढच्या महिन्यापासून. कायमचा."

धाकट्यानं टोपी काढली, आतून पाहिली, पुन्हा घातली.

"तसं पाहिलं तर, ताई," तो म्हणाला, "घाई कशाला करायची? संविधान काय, शंभर वर्षं राहणार. एक कलम पुढच्या वर्षी घातलं तर कुठे बिघडतं?"

"गिअर फार लवकर बदललास रे," भावजय विणकामातून मान वर न करता म्हणाली.

धाकट्याचे कान लाल झाले. ताईला त्याचा राग आला नाही. चार पोरांचा बाप तो. पण आता माळ्यावर ती एकटीच उरली होती हेही तिला कळलं.

थोरला उठला. टेबलाच्या कडेवरून हात फिरवत तो तिच्यापर्यंत आला आणि आवाज उतरवून बोलू लागला. हा त्याचा खरा आवाज होता. बाजारात ओरडायचा तो निराळा.

"ताई, आपल्या काट्याचा एक नियम आहे. पहिला. कुठला?"

उत्तर त्यानंच दिलं.

"बाबांनी आपल्याला बोलायला शिकवण्याआधी तो शिकवला असेल. आपला माल आपण मापायचा नाही."

तो नियम त्या घरात कोणी मोडला नव्हता. घरासाठी घेतलेलं धान्य असो की जळण, ते काट्यावर चढलं की बाजारातला कोणीतरी बोलवायचा, वजनं त्यानं ठेवायची, काटा त्यानं वाचायचा. घरच्यांनी खडूच्या रेषेपलीकडे उभं राहायचं, हात पाठीमागे बांधून. एकदा थंडीत बाजार ओस पडला होता. जळणाची मोळी काट्यापाशी पडून राहिली, कारण मापायला परका माणूस मिळेना. वडिलांनी दोन दिवस घर गार ठेवलं, पण मोळीला हात लावला नाही. ताई तेव्हा सात वर्षांची होती. थंडीनं रडणाऱ्या या थोरल्याला तिनंच पोटाशी घेतलं होतं.

"हे कलम आज मंजूर झालं," थोरला म्हणाला, "तर काटा सगळ्यांना खुला. मग पहिला अर्ज कोणाचा येईल? सगळा बाजार तुला खांद्यावर घेऊन इथं आणून बसवेल. खोटं सांगतोय का? मग चार वाजता तू ज्याला होकार देणार, तो माल कोणाचा आहे, ताई?"

"आणि मी गप्प बसावं म्हणतोस, त्यात माल कोणाचा?"

"माझाच. पण मत माझं नाही. मी रेषेपलीकडेच उभा आहे."

तो खोटं बोलत नव्हता. मापाड्याच्या परीक्षेचं पुस्तक तिनं केव्हाच आणलं होतं आणि पिठाच्या डब्यामागे ठेवलं होतं. साठी ओलांडल्यावर का होईना, त्या काट्याशेजारी आपल्या नावानं उभं राहावं, आपण वाचलेलं वजन आपल्याच तोंडानं ओरडावं, असं तिला वाटत होतं, फार वाटत होतं. नऊ वर्षं ती थोरल्याच्या शेजारी उभी राहून पारड्यात वजनं ठेवत आली होती. काटा थांबला की ती ओठ जेमतेम हलवून आकडा पुटपुटायची, थोरला तो सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा पुकारायचा आणि पुतण्या पावती फाडायचा. बाजाराला हे ठाऊक होतं, आणि बाजारही बोलत नव्हता.

"मी जरा खाली जाऊन येते," ती म्हणाली.

खाली गार होतं. ती काट्याजवळ उभी राहिली. साखळी सोडली नाही. दांडीच्या मधोमध, जिथे हात लागून लागून लोखंड गुळगुळीत झालं होतं, तिथे तिनं तळवा ठेवला. वरून धाकट्याचा आवाज येत होता, मग थोरल्याचा.

गप्प बसावं हा एक रस्ता होता. सोपा होता, आणि नियमाप्रमाणेही बसत होता. पण मग मोळीसारखं ते कलम काट्यापाशी पडून राहिलं असतं, आणि थंडी दुसऱ्यांच्या घरात भरली असती. घाटावर वल्हं मारणारी पोरं होती, ज्यांना नाव कधी आपली म्हणता येणार नव्हती. दरवाजेवाल्यांच्या मुली होत्या. तिला निवडून दिलेल्या हमाल बायका होत्या, ज्यांनी कुठल्या पदाचं स्वप्नसुद्धा पाहिलं नव्हतं, कारण तसं स्वप्न बघायची सोयच नव्हती. त्यांचं मत तिच्या पिशवीत होतं. ते घरी ठेवून जायचा तिला काय अधिकार?

नियम खरा होता आणि मतही द्यायलाच हवं होतं. तेव्हा मधे जो आपला माल होता तोच बाजूला करायचा. दुसरं काही उरत नव्हतं.

तिनं हात काढला आणि ती जिना चढून आली.

"पेन्सिल काढ," ती पुतण्याला म्हणाली. "पावतीच्या कागदावर लिही. मी सांगते."

तो टेबलाशी बसला.

"लिही. या बाजाराच्या मापाड्याच्या जागेसाठी मी अर्ज करणार नाही. आज नाही, पुढेही नाही. कोणी आपणहून दिली तरी घेणार नाही."

पेन्सिल दुसऱ्या वाक्यावर थांबली. "आत्या..."

"लिही रे. आणि पुढे लिही, काट्याचं कुठलंच काम उद्यापासून मी करणार नाही. ना नावानं, ना बिननावानं."

"अगं, वेडी का काय तू?" थोरला ताडकन उभा राहिला. खुर्ची मागे पडली. "उद्या काटा कोण वाचणार?"

ते वाक्य नऊ वर्षांत त्या घरात प्रथमच मोठ्यानं बोललं गेलं. थोरल्यालाही ते ऐकू आलं. तो तसाच उभा राहिला. पडलेली खुर्ची कुठे आहे ते त्याला सापडेना, आणि या वेळी ताई ती उचलायला पुढे झाली नाही.

"तुझा मुलगा वाचेल," ती म्हणाली. "त्याला येतं. त्याला मी पुटपुटायला शिकवलं नाही, वाचायला शिकवलं आहे."

"लोक काय म्हणतील?"

"लोक नऊ वर्षं काय म्हणतायत ते एकदा ऐका," भावजय म्हणाली. तिनं विणकाम पिशवीत टाकलं आणि ती उठली. "मी या घरात आल्यापासून कधी मधे बोलले नाही. आज बोलते. तुम्हाला दिसत नाही याची मला कधी लाज वाटली नाही. पण वन्सं मागे उभ्या आणि तुम्ही पुढे, त्याची वाटायची. रोज वाटायची."

"तू ताईच्या बाजूची?"

"मुलाच्या काट्यासाठी मी तुमच्या बाजूची होते. अगदी आत्ता, दहा मिनिटांपूर्वीपर्यंत. पण त्यांनी स्वतःचं सोडून दिलं, मग मी कुठल्या तोंडानं माझं धरून बसू?" तिनं खुंटीवरची शाल ओढली. "वन्सं, प्रेक्षकांना आत सोडतात ना? मी येते."

धाकटा घड्याळाकडे बघत म्हणाला, "माझी गाडी सभेवरूनच जाते. सोडतो दोघींना." मग थोरल्याकडे न बघता त्यानं खुर्ची उचलून त्याच्या गुडघ्यामागे लावली. "बस, दादा."

पुतण्यानं कागद तिच्या हातात दिला. अक्षर स्वच्छ होतं, नेहमीसारखं. तो पुन्हा जाऊन दाराला टेकला.

सभा भरायची ती जुन्या टपाल कचेरीच्या पत्रं वेगळी करायच्या दालनात. पत्रांचे खण अजून भिंतींवर होते आणि सभासद आपापल्या टोप्या त्यांत ठेवत. आज सगळे खण भरले होते. वरच्या सज्जात माणसं खांद्याला खांदा लावून बसली होती; भावजय कुठेतरी मधे अडकली होती.

नावं नव्हे, जागा पुकारत. "बाजारपेठ, दोन."

ताई उठली. "अध्यक्षमहाराज, मत देण्याआधी एक सांगायचं आहे. या कलमात माझा फायदा होता. तो मी काढून टाकला आहे." आणि तिनं कागद वाचला. तिसऱ्या वाक्यापर्यंत दालनात कुजबुज होती. शेवटच्या वाक्याला नव्हती.

पुढच्या रांगेत मोठ्या घाटाचा पिढीजात घाटवाला बसला होता, विरोधकांचा म्होरक्या. तो मागे वळून म्हणाला, "बाई, आज घरी चूल पेटवू देतील का तुम्हाला?"

"काडेपेटी माझ्याजवळच असते," ताई म्हणाली. सगळी सभा हसली, घाटवालाही हसला, आणि त्या हसण्यावरून तिचा आवाज स्पष्ट गेला: "होकार."

कागद तिनं लेखनिकाकडे दिला आणि ती खाली बसली. मोजणी संपायला तासभर लागला. तीन मतांनी कलम मंजूर झालं. मग संविधान पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकत्र मताला आलं आणि ते मंजूर व्हायला मात्र फार वेळ लागला नाही. अध्यक्षांनी निकाल सांगितला, चष्मा काढला, पुसला आणि ते तसेच उभे राहिले. टाळ्या वाजवायच्या की काय करायचं ते कोणाला सुचेना. शेवटी सगळे नुसते उभे राहिले. घाटवालासुद्धा, जरा उशिरा.

बाहेर पायऱ्यांवर भावजय म्हणाली, "तो आला होता. खांबामागे उभा होता. तुम्ही कागद वाचलात आणि निघून गेला."

"कोण, थोरला?"

"त्यांना एवढं कोण आणणार? मुलगा."

दोघी पायी घरी आल्या. जेवताना थोरला ताटावरून उठला नाही, पण बोललाही नाही.

सकाळी बाजार भरला. ताईची खोली काटाघराच्या मागेच होती आणि मधल्या दारानं चार पावलांत काट्याशी जाता येत असे. तिनं ते दार उघडलं नाही. गल्लीतून वळसा घालून ती रस्त्यावर आली. काटाघरापुढे लोकरीच्या गठ्ठ्यांची गाडी लागली होती, मागे बटाट्याची पोती, हमाल, रोजचा गलका.

"अगंबाई, तुम्ही बाहेर?" बटाटेवाली म्हणाली.

"आजपासून बाहेरच."

आत पहिला गठ्ठा पारड्यात पडल्याचा आवाज झाला. साखळ्या कुरकुरल्या. मग वजनांचे आवाज आले, एक, दोन, तीन, बेतानं ठेवलेले. पहिला हेलकावा. दुसरा. तिसरा. ताईच्या ओठांना सवय होती. तिनं ते घट्ट मिटून घेतले. आत शांतता झाली आणि ती लांबली. गाडीवाल्यानं मान आत घातली.

"थांबा," थोरल्याचा आवाज आला. बाजारात ओरडायचा नव्हे, दुसरा. "मला काटा दिसत नाही. नऊ वर्षं दिसत नाही. तुम्हाला ठाऊक आहे, आता माझ्याकडूनही ऐका." मग मुलाला तो म्हणाला, "वाच रे. आणि तूच पुकार. माझ्या कानात नको."

"एकशे..." पुतण्याचा आवाज चिरकला. त्यानं घसा साफ केला. "एकशे अठ्ठेचाळीस! लोकर, सकाळची, ओली. दुसऱ्यांदा घेतो."

हमाल एकमेकांकडे बघत होते. गाडीवाल्यानं आधी थोरल्याकडे पाहिलं असावं, मग काट्याकडे, कारण थोड्या वेळानं तो म्हणाला, "घ्या, घ्या. दोनदा घ्या. पण पुढचा नग लवकर चढवा, उन्हं वर आली." आणि गलका पुन्हा सुरू झाला.

"आत जाता का?" बटाटेवालीनं विचारलं. "बोलावू त्यांना?"

ताईनं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं, पिशवी खांद्याला लावली.

"नको. मला सभेत पोचायचं आहे. दहाला सह्या आहेत."

"आता तर आठच वाजतायत!"

"मी चाळिशी उलटल्यावर लिहायला शिकले गं," ताई म्हणाली आणि चालू लागली. "माझ्या सहीला वेळ लागतो."